प्रवेश आणि प्रवास

(बारावीनंतर महाविद्यालयात प्रवेश कसा मिळतो आणि रोज लांबून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचे जीवन कसे असते, हे या पाठात मुंबई विद्यापीठाच्या उदाहरणाने सांगितले आहे.)

मुलांनो, सकाळी साडेसहा वाजता मुंब्रा स्थानकाच्या फलाटावर उभे राहिलात, तर तुम्हांला काय दिसेल? हातात डबा घेतलेले कामगार दिसतील. रात्रपाळी संपवून घरी परतणारे लोक दिसतील. आणि या गर्दीत पाठीवर दप्तर लावलेली पुष्कळ मुले-मुली दिसतील. कोणी वही उघडून पाठांतर करत असते, कोणी जांभई देत असते. गाडी आली की सगळे एकदम पुढे सरकतात. ही मुले-मुली महाविद्यालयात निघालेली असतात. दोन-तीन वर्षांनी तुमच्यापैकीही काही जण असेच एखाद्या फलाटावर उभे असतील. म्हणून आजच या गोष्टीचा थोडा विचार करू या.

'विद्यापीठ' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र येते. मोठे आवार, झाडी, ग्रंथालय आणि वसतिगृहे. अलीगढचे विद्यापीठ असे आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली तेथे मदरसा सुरू केला. पुढे त्याचे महाविद्यालय झाले आणि १९२० साली विद्यापीठ झाले. विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे आणि एकत्र शिकावे, अशी सर सय्यद यांची इच्छा होती. आजही तेथील पुष्कळ विद्यार्थी वसतिगृहांत राहतात.

मुंबई विद्यापीठाची गोष्ट वेगळी आहे. हे विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रास येथेही विद्यापीठे स्थापन झाली. या तिन्ही विद्यापीठांनी लंडन विद्यापीठाचा नमुना घेतला होता. अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे विद्यापीठाचे मुख्य काम होते. शिकवण्याचे काम निरनिराळी महाविद्यालये करत. आजही मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या भागांतील शेकडो महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांतील बहुतेकांना वसतिगृह नाही. विद्यार्थी आपापल्या घरी राहतात आणि रोज ये-जा करतात.

ही ये-जा शक्य झाली ती रेल्वेमुळे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. म्हणजे मुंबईची रेल्वे मुंबईच्या विद्यापीठापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे!

आता प्रवेशाची पद्धत समजून घेऊ. अकरावीचे प्रवेश सरकारच्या केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. मुंबईत ही पद्धत २००९ साली सुरू झाली आणि २०२५ सालापासून ती सर्व महाराष्ट्रात लागू झाली. बारावीनंतर कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांच्या पदवीसाठी मात्र विद्यार्थ्याला आधी विद्यापीठाकडे नावनोंदणी करावी लागते आणि मग प्रत्येक महाविद्यालयात वेगळा अर्ज भरावा लागतो. नंतर महाविद्यालये गुणवत्ता यादी लावतात. पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी असा हा क्रम असतो. यादीत नाव आले की ठरलेल्या मुदतीत कागदपत्रे दाखवून शुल्क भरावे लागते. मुदत चुकली तर जागा दुसऱ्याला मिळते.

या यादीतील शेवटच्या विद्यार्थ्याच्या गुणांना 'कट-ऑफ' म्हणतात. पुष्कळ मुले या शब्दाला घाबरतात. त्यांना वाटते, की महाविद्यालयाने आधीच एक भिंत बांधून ठेवली आहे. पण तसे नसते. समजा, एका वर्गात १२० जागा आहेत. अर्ज आले ६००. गुणांप्रमाणे नावे लावली आणि शेवटची जागा ७८ टक्के गुणांच्या मुलाला मिळाली, तर त्या यादीचा कट-ऑफ ७८ झाला. वरच्या मुलांपैकी काहींनी दुसरीकडे प्रवेश घेतला, तर जागा रिकाम्या होतात आणि दुसऱ्या यादीचा कट-ऑफ खाली येतो. म्हणून पहिल्या यादीत नाव नाही म्हणून रडत बसू नका. दुसरी आणि तिसरी यादी नीट पाहा.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुष्कळ महाविद्यालये आपल्याच बारावीच्या विद्यार्थ्यांना आधी प्रवेश देतात. त्यामुळे बाहेरच्या मुलांसाठी जागा कमी उरतात. अकरावीचे महाविद्यालय निवडतानाच हे ध्यानात घ्यावे. दुसरी गोष्ट अशी, की अल्पसंख्याक संस्थेच्या महाविद्यालयात काही जागा त्या समाजासाठी राखून ठेवलेल्या असतात. मुस्लिम अल्पसंख्याक संस्थेत त्या जागा मुस्लिम विद्यार्थ्यांना मिळतात. गुजराती भाषिक संस्थेत त्या गुजराती भाषिकांना मिळतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी महाविद्यालयाचे माहितीपत्रक वाचा. ज्यांना जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्याची गरज आहे, त्यांनी तो निकालाच्या आधीच काढून ठेवावा. निकालानंतर कार्यालयांत फार गर्दी होते.

गुणांचा हिशेब सगळेच करतात. पण एक हिशेब फार थोडे लोक करतात. तो आहे वेळेचा.

असे समजा, की मुंब्र्याच्या एकाच शाळेतील दोन मैत्रिणी बारावी उत्तीर्ण झाल्या. पहिलीचे नाव भायखळ्याजवळच्या एका महाविद्यालयाच्या यादीत लागले. दुसरीला ते महाविद्यालयही मिळत होते आणि ठाण्याचे एक महाविद्यालयही मिळत होते. दोघी कागद घेऊन बसल्या.

भायखळ्याला जायचे, तर घरापासून स्थानकापर्यंत १५ मिनिटे, गाडीची वाट पाहण्यात १० मिनिटे, गाडीत सुमारे ६० मिनिटे आणि पुढे चालत १५ मिनिटे. एकूण १०० मिनिटे. परत येताना आणखी १०० मिनिटे. म्हणजे दिवसाला तीन तास वीस मिनिटे आणि सहा दिवसांच्या आठवड्याला वीस तास! वर्षात असे तीस आठवडे धरले, तर सहाशे तास झाले. सहाशे तास म्हणजे पंचवीस दिवस आणि पंचवीस रात्री. ठाण्याला जायचे, तर एका वेळेस ४५ मिनिटे लागत होती. आठवड्याला फक्त नऊ तास.

पहिलीच्या अब्बांनी तो कागद दोनदा वाचला.

"बेटी, आठवड्याला वीस तास गाडीत जाणार. संध्याकाळी घरी यायला उशीर होणार. ठाण्याला का जात नाहीस?" त्यांनी विचारले.

"अब्बा, मला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचे आहे," ती म्हणाली. "मला मिळणाऱ्या महाविद्यालयांपैकी तो विषय तिथेच आहे. ठाण्याच्या ज्या महाविद्यालयात तो आहे, तिथली यादी माझ्या गुणांच्या वर थांबली."

अम्मी म्हणाली, "पण तू अभ्यास कधी करणार?"

"अम्मी, जाताना गाडीत वाचीन. बसायला जागा मिळाली नाही, तर उभ्याने पाठांतर करीन. सहा महिने जाऊन पाहते. माझे गुण कमी झाले, तर आपण पुन्हा बसून विचार करू."

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. पहिल्या दिवशी मी तुझ्याबरोबर येतो. मलाही ती वाट पाहू दे."

दुसऱ्या मैत्रिणीला वाणिज्य शाखेची पदवी घ्यायची होती. ती पदवी दोन्ही महाविद्यालयांत होती. तिने विचार केला, की अभ्यासक्रम विद्यापीठाचा आहे आणि पदवीही विद्यापीठच देणार आहे. मग केवळ मोठ्या नावासाठी आठवड्याचे अकरा तास का घालवावेत? तिने ठाण्याला प्रवेश घेतला.

मुलांनो, दोघींचे निर्णय वेगळे आहेत, पण दोन्ही विचारपूर्वक घेतलेले आहेत. लांबच्या महाविद्यालयात जाण्यासाठी सबळ कारण हवे. हवा तो विषय, चांगली प्रयोगशाळा किंवा शिष्यवृत्ती ही अशी कारणे आहेत. 'माझा मित्र तिथे जातो' किंवा 'नाव मोठे आहे' एवढे कारण पुरेसे नाही.

आता पुढची गोष्ट ऐका. महाविद्यालय म्हणजे फक्त तास आणि परीक्षा नव्हे. तेथे मित्र मिळतात, वादविवाद होतात, नाटके बसतात. पण ये-जा करणाऱ्यांच्या महाविद्यालयात हे आपोआप घडत नाही. शेवटचा तास संपला की जिना धडधड वाजतो आणि पाच मिनिटांत वर्ग रिकामा होतो. प्रत्येकाला आपली गाडी गाठायची असते. मुंबईत गाडी तिच्या वेळेने ओळखली जाते. कोणाची 'पाच बारा', तर कोणाची 'पाच सत्तावीस'.

पहिल्या मैत्रिणीचेही असेच झाले. पहिले सहा महिने ती तास संपताच स्थानकाकडे धावायची. वर्गातल्या शेजारणीचे नाव तिला माहीत होते, पण ती कोठे राहते हे माहीत नव्हते. परीक्षेत गुण चांगले मिळाले, पण ते सांगायला महाविद्यालयात कोणी नव्हते. गंमत म्हणजे ठाण्याला शिकणाऱ्या मैत्रिणीलाही मैत्रिणी मिळाल्या नव्हत्या! तिच्याकडे वेळ होता, पण तीही तास संपताच घरी निघून यायची. म्हणजे नुसता वेळ असून भागत नाही. तो लोकांबरोबर घालवावा लागतो.

मग त्यांनी काय केले? ठाण्याच्या मैत्रिणीने रोज एक तास ग्रंथालयात बसायचे ठरवले. तेथे रोज येणारी आणखी तीन-चार मुले-मुली होती. आधी पुस्तकांची देवघेव झाली, मग टिपणांची आणि मग डब्याची. पहिल्या मैत्रिणीने राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले. ही योजना १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्यात दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करायची असते आणि सात दिवसांच्या शिबिरालाही जायचे असते. शिबिरात सर्वांनी एकत्र राहायचे, पहाटे उठून श्रमदान करायचे, स्वयंपाकात मदत करायची आणि रात्री गप्पा मारायच्या. वसतिगृहातल्या मुलांना जे वर्षभर मिळते, ते ये-जा करणाऱ्या मुलांना या सात दिवसांत मिळते. शिबिरात कोणाचीही 'पाच बारा' सुटत नाही! ती शिबिराहून परतली, तेव्हा तिला कल्याणची एक मैत्रीण मिळाली होती. दोघींची गाडी एकच होती. सहा महिने त्या एकाच गाडीने येत होत्या आणि एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

गाडी ही सुद्धा एक शाळाच आहे. रोज त्याच वेळी, त्याच डब्यात चढणारी माणसे हळूहळू ओळखीची होतात. महिलांच्या डब्यात रुग्णालयातली परिचारिका असते, बँकेतली कारकून असते, शिक्षिका असते. कोणी भाजी निवडते, कोणी विणकाम करते. तिघांच्या बाकावर चौथी व्यक्ती आली, की "जरा सरकून घ्या" असे म्हणतात आणि चौथी सीट तयार होते. रमजानच्या महिन्यात संध्याकाळच्या गाडीत एखादी खजुराची पुडी उघडते आणि रोजा असणाऱ्या व नसणाऱ्या सर्वांच्या हाती एकेक खजूर जातो. तुम्ही उर्दू शाळेत शिकता. घरी उर्दू बोलता, शाळेत उर्दूत शिकता. पण गाडीत, कार्यालयात आणि महाविद्यालयात तुम्हांला मराठी बोलावी लागेल. चुकेल म्हणून गप्प बसू नका. "जरा सरकून घ्या" एवढ्या तीन शब्दांनीही ओळखीची सुरुवात होते.

प्रवासाचे काही नियम मात्र कधी विसरू नका. महाविद्यालयाच्या कार्यालयातून सवलतीचा अर्ज घ्या आणि तिकीट खिडकीवर देऊन विद्यार्थी पास काढा. पास संपण्याची तारीख वहीत लिहून ठेवा. दारात लटकून प्रवास करू नका. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ गर्दीच्या गाड्यांतून काही प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. एक गाडी सुटली, तर दहा मिनिटांनी दुसरी येते. एक तास बुडाला, तर टिपणे मिळतात. जीव पुन्हा मिळत नाही.

पण रोजच तास बुडवूनही चालणार नाही. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के उपस्थिती लागते. म्हणून पावसाळ्यासाठी थोडे दिवस हाताशी ठेवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद झाल्या आणि असंख्य लोकांना ती रात्र वाटेतच काढावी लागली. अनोळखी माणसांनी त्यांना आसरा दिला, चहा दिला, खायला दिले. महाविद्यालयाजवळ राहणारा एक तरी मित्र असावा आणि त्याच्या घरचा पत्ता तुमच्या घरी माहीत असावा, हे त्या रात्री पुष्कळांना कळले.

मुलांनो, महाविद्यालयात प्रवेश मिळणे ही मोठी गोष्ट आहे. त्यासाठी मन लावून अभ्यास करा. पण यादीत नाव आले म्हणजे सर्व काही मिळाले, असे समजू नका. अर्ज भरण्याच्या आधी एक दिवस घरातल्या मोठ्या माणसांबरोबर त्या महाविद्यालयात जाऊन या. घड्याळ लावून वेळ मोजा. कोणता विषय कोठे आहे, ते विचारा. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, तेही विचारा. मग कागद घेऊन बसा आणि दोन्ही हिशेब करा. एक गुणांचा आणि दुसरा वेळेचा.

आणि पहिल्या दिवशी वर्गात गेलात, की शेजाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा :

"तू कोणत्या गाडीने जातोस?"

शब्दार्थ

प्रवेश – दाखिला
संलग्न – जोडलेले
वसतिगृह – विद्यार्थ्यांची राहण्याची जागा
गुणवत्ता यादी – गुणांच्या क्रमाने लावलेली नावे
मुदत – ठरवून दिलेला काळ, मीआद
अल्पसंख्याक – संख्येने कमी असलेला समाज, अकलियत
निर्णय – फैसला
सबळ – मजबूत
सूक्ष्मजीवशास्त्र – डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा अभ्यास
श्रमदान – मोबदला न घेता केलेले कष्टाचे काम
सवलत – रियायत
उपस्थिती – हाजिरी
आसरा देणे – पनाह देणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मुंबई विद्यापीठाची स्थापना केव्हा झाली?
(२) 'कट-ऑफ' कशाला म्हणतात?
(३) पहिल्या मैत्रिणीला कोणता विषय शिकायचा होता?
(४) मुंबईत गाडी कशाने ओळखली जाते?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) मुंबई विद्यापीठ आणि अलीगढचे विद्यापीठ यांत कोणता फरक आहे?
(२) दुसऱ्या मैत्रिणीने ठाण्याचे महाविद्यालय का निवडले?
(३) शिबिरात ये-जा करणाऱ्या मुलांना काय मिळते?

प्रश्न ३. कोण, कोणाला म्हणाले ते लिहा.
(१) "मलाही ती वाट पाहू दे."
(२) "पण तू अभ्यास कधी करणार?"

प्रश्न ४. विरुद्ध अर्थाचे शब्द पाठातून शोधून लिहा.
(१) जवळ (२) बंद (३) शेवट (४) ओळखीचे

प्रश्न ५. 'प्रवेश' आणि 'प्रवास' हे शब्द वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.

उपक्रम : तुमच्या घरापासून जवळच्या दोन महाविद्यालयांपर्यंत जाण्यास किती वेळ लागतो, ते घरातील मोठ्या माणसांना विचारा. आठवड्याचे तास काढा आणि वर्गात मराठीतून सांगा.